प्रयोगाचं बिल रुग्णाच्या नावावर नको

मार्च २०२५मध्ये टोकियोच्या केयो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची माहिती जाहीर केली. चौघांच्याही मज्जारज्जूला जबर मार बसला होता आणि दुखापतीच्या खालचं अंग पूर्ण लुळं पडलं होतं. मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, पुढे चेतापेशी होऊ शकतील अशा सुमारे वीस लाख पेशी प्रत्येकाच्या मज्जारज्जूत सोडल्या होत्या. वर्षभराने तपासलं तेव्हा एकजण आधाराशिवाय उभा राहत होता आणि चालण्याचा सराव करत होता. दुसऱ्याच्या काही स्नायूंत हालचाल परतली होती. उरलेल्या दोघांत ठळक फरक नव्हता. पेशींमुळे गंभीर अपाय मात्र चौघांपैकी कुणालाही झाला नव्हता.

अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्यापर्यंत येते तेव्हा वाटेत दोन रुग्ण गळालेले असतात आणि ‘आता लकवा बरा होणार’ एवढंच उरलेलं असतं. ज्या घरात कोणी खाटेला खिळलंय, त्या घरात दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न असतो: हे आपल्याकडे कुठे मिळेल? आणि उत्तर द्यायला लोक तयार बसलेले असतात. मोठ्या शहरांतली काही क्लिनिक्स ‘स्टेम सेल थेरपी’ गेली कित्येक वर्षं रोकड्याने विकत आली आहेत.

या विज्ञानाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच या बाजाराला विरोध आहे. जे अजून सिद्ध व्हायचंय त्याचा खर्च समाजाने उचलायचा, रुग्णाने नव्हे. हे तत्त्व कागदावर आपल्याकडे मान्य आहे. ते अंमलात का आणायचं आणि त्यासाठी काय करायला हवं, ते मुद्देसूद मांडतो.

१. तुटतं काय, ते आधी पाहू.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीइतका जाड असतो. मेंदूतल्या चेतापेशींचे लांब तंतू त्यातून खाली उतरतात आणि हातापायांना, मूत्राशयाला, आतड्यांना हुकूम पोचवतात. मणका मोडून किंवा सरकून रज्जू चेपला की हे तंतू तुटतात. पहिल्या फटक्यात जेवढं जातं त्यात पुढच्या काही तासांत आणि दिवसांत भर पडते, कारण सूज येते, रक्तपुरवठा तुटतो, दाह पसरतो. नंतर त्या जागी व्रण धरतो, कधी पोकळी होते. हातातली नस तुटली तर ती हळूहळू वाढून जुळू शकते. प्रौढ माणसाच्या मज्जारज्जूतले लांब तंतू तसे वाढत नाहीत.

नव्या चेतापेशी पेरण्यामागची कल्पना सरळ आहे. दोन गावांमधला रस्ता वाहून गेला, तर मध्ये एक माणूस उभा करून निरोप पुढे पोचवावा, तसंच हे. वरून आलेला तुटका तंतू नव्या चेतापेशीशी जोडला जावा आणि तिने आपला तंतू खाली धाडून निरोप पुढे द्यावा.

यासाठी लागणारा कच्चा माल मिळवण्यात बरीच वर्षं गेली. १९९८मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूळपेशी वेगळ्या केल्या. त्या भ्रूणातून घ्याव्या लागत असल्याने नैतिक वाद पेटला. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूळपेशींसारखं केलं, आणि भ्रूणाची गरज उरली नाही. २०१२चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. केयोच्या प्रयोगातल्या पेशी याच जातीच्या.

२. तंतू वाढला म्हणजे पाय उचलला, असं नव्हे.

२०१४मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या मार्क टुझिन्स्की यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८६ वर्षांच्या एका निरोगी माणसाच्या कातडीतल्या पेशी घेतल्या, यामानाकांच्या पद्धतीने त्या मूळपेशी केल्या, त्यांपासून चेतापेशी घडवल्या आणि मज्जारज्जू जखमी केलेल्या उंदरांत सोडल्या. निकाल थक्क करणारा होता. म्हाताऱ्या माणसाच्या त्या पेशींनी उंदराच्या शरीरात तंतू धाडले आणि ते मज्जारज्जूच्या जवळजवळ टोकापर्यंत गेले. पण उंदरांच्या जखमी पायांत सुधारणा दिसली नाही.

या विषयावर बोलताना हा प्रयोग कायम डोळ्यांसमोर ठेवावा. तंतू वाढणं ही एक पायरी. तो योग्य पेशीशी जोडला जाणं, त्या जोडणीतून उपयोगी संदेश जाणं, त्यावर मेहनत घेऊन स्नायूला पुन्हा वळण लावणं, या पुढच्या वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर वर्षं जातात. सुंदर सूक्ष्मचित्र दाखवून ‘बघा, नस जुळली’ म्हणणारा या सगळ्या पायऱ्या गाळतो.

३. केयोचा निकाल जेवढा आहे तेवढाच वाचावा.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या समितीने फेब्रुवारी २०१९मध्ये या प्रयोगाला होकार दिला. कोविडमुळे तो रखडला आणि पहिली शस्त्रक्रिया डिसेंबर २०२१मध्ये झाली. चार रुग्णांचा निकाल यायला २०२५ उजाडलं. दुखापतीनंतर १४ ते २८ दिवसांच्या आतल्या रुग्णांनाच पेशी दिल्या गेल्या. पाच-दहा वर्षं व्हीलचेअरवर असलेल्या माणसाला या निकालातून आज काही हाती लागत नाही.

प्रयोगाचा पहिला हेतू ‘हे सुरक्षित आहे का’ हा होता. तुलनेसाठी पेशी न दिलेला गट नव्हता. दुखापतीनंतरच्या पहिल्या वर्षात काही रुग्ण आपले आपणही सुधारतात, पूर्ण लुळेपणाच्या ‘ए’ श्रेणीतून वर सरकतात. तेव्हा उभ्या राहिलेल्या त्या माणसाचं श्रेय पेशींना किती, शरीराला किती आणि फिजिओथेरपीला किती, हे चार रुग्णांवरून ठरत नाही. मी निकालाला नावं ठेवत नाही. चारांपैकी दोघं सुधारले नाहीत हे केयोच्या डॉक्टरांनी त्याच दमात सांगितलं. विश्वास ठेवावा तो अशा माणसांवर.

४. क्लिनिकमध्ये विकलं जातं ते हे नव्हे.

आपल्याकडच्या नेहमीच्या ‘पॅकेज’मध्ये काय होतं, ते जवळून पाहू. रुग्णाला कुशीवर वळवतात. कमरेच्या हाडात जाड सुई घालून अस्थिमज्जा ओढून घेतात. ती यंत्रात गरगर फिरवून पेशींचा थर वेगळा काढतात. काही तासांनी, बहुधा त्याच दिवशी, पाठीच्या कण्यात सुई घालून त्या पेशी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. कधी अस्थिमज्जेऐवजी पोटाची चरबी घेतात, कधी बाळाच्या नाळेतून काढलेल्या पेशी वापरतात. मग आठवडा-दोन आठवडे कसून फिजिओथेरपी, जोडीला आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि निघताना एक व्हिडिओ.

या पेशी चेतापेशी नाहीत आणि अशा तऱ्हेने सोडल्यावर त्या चेतापेशी होऊन तुटका मार्ग जोडतात याला भरवशाचा पुरावा नाही. केयोत महिनोन्‌महिने खपून घडवलेल्या, तपासलेल्या, शस्त्रक्रियेने नेमक्या जागी सोडलेल्या पेशी वेगळ्या आणि दुपारपर्यंत तयार झालेलं हे इंजेक्शन वेगळं. पण जाहिरातीत जपानच्या बातमीचं कात्रण आणि या क्लिनिकचा फोन नंबर शेजारी-शेजारी येतात.

पॅकेजमधल्या फिजिओथेरपीकडेही नीट पाहावं. घरी सहा महिने नुसता पडून राहिलेला माणूस रोज चार तास व्यायाम करू लागला की त्याचा तोल सुधारतो, दंडात बळ येतं, आखडलेले सांधे मोकळे होतात. हा फायदा खरा असतो. फरक एवढाच, की तो व्यायामाचा असतो आणि बिल पेशींचं लागतं.

५. ‘गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?’ अपाय आहे.

मॉस्कोत गर्भातल्या चेता-मूळपेशी टोचून घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी सापडल्या. तपासणीत त्या गाठी दात्याच्या पेशींच्या निघाल्या. हे २००९मध्ये प्रसिद्ध झालं. पोर्तुगालमध्ये नाकातल्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका अमेरिकी तरुणीला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली. शस्त्रक्रियेत जवळजवळ चार सेंटिमीटरची गाठ निघाली, आणि ती नाकात होतो तसा चिकट स्राव तयार करत होती. हे २०१४चं प्रकरण. पक्षाघातानंतर चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिको अशा तीन देशांत पेशींची इंजेक्शनं घेतलेल्या एका अमेरिकी गृहस्थाच्या कण्यात परक्या पेशींची गाठ वाढली आणि नव्याने लुळेपणा आला. हे २०१६मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलं.

या तिघांची माहिती जगाला मिळाली, कारण त्यांना पुढे शोधकवृत्तीचे डॉक्टर भेटले. आपल्याकडे पॅकेज संपवून लातूरला किंवा चंद्रपूरला परत गेलेल्या रुग्णाला आठ वर्षांनी पाठ दुखू लागली, तर तिचा धागा त्या इंजेक्शनापर्यंत कोण नेणार? नोंदच नाही तर अपायही नाही. ‘आमच्याकडे आजवर कुणालाही त्रास झाला नाही’ हे वाक्य अशाने तयार होतं.

६. पैसे घेतले की प्रयोगच बिघडतो.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. खऱ्या क्लिनिकल ट्रायलमध्ये पैसा रुग्णाकडे येतो. तपासण्या फुकट, प्रयोगामुळे इजा झाली तर औषधपाणी फुकट, शिवाय नुकसानभरपाई. रुग्ण वाटेल तेव्हा बाहेर पडू शकतो, आणि गुण आला नाही तर तीही नोंद होते, कारण नापास निकालाचंही शास्त्राला मोल असतं.

बिल लावलं की हे सगळं उलटं फिरतं. पाच-सात लाख घेऊन कुणाला ‘तुम्ही तुलनेच्या गटात आहात, तुम्हाला पेशी नाहीत’ असं सांगता येत नाही. म्हणजे तुलना गेली. गुण न आलेला रुग्ण पुन्हा येत नाही, त्याचा पाठपुरावा करण्यात क्लिनिकला रस नसतो. म्हणजे नापास निकाल गेले. राहता राहिला रुग्णाचा स्वतःचा अनुभव. शेत गहाण टाकून, मुलीच्या लग्नाचं सोनं मोडून आलेल्या माणसाला ‘काही फरक वाटतो का?’ असं विचारल्यावर तो ‘नाही’ कसा म्हणेल? त्याला फरक वाटावाच लागतो. घरच्यांसाठी तरी वाटावा लागतो.

म्हणून हजारो इंजेक्शनं देऊनही अशा धंद्यातून विज्ञानाच्या पदरात काही पडत नाही. केयोने चार रुग्णांत जेवढं शिकवलं तेवढं या हजारांनी शिकवलं नाही.

७. कायदे आहेत, ते वापरणारा हात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २००७, २०१३ आणि २०१७मध्ये मूळपेशींबद्दल राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर मंजूर ट्रायलच्या बाहेर रुग्णाला मूळपेशी देणं अनैतिक, असं त्यांत स्पष्ट आहे. ही झाली तत्त्वं. कायद्याचा दंडुका वेगळा, तोही आहे. २०१९च्या ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल’ नियमांनी मूळपेशींपासून बनवलेलं उत्पादन नवीन औषध मानलं. त्याहून जुना १९५४चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्यांच्या यादीत पक्षाघात आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मग अडतं कुठे? क्लिनिक म्हणतं, आम्ही पेशींवर फारशी प्रक्रियाच करत नाही, तेव्हा हे औषध नव्हे, ही शस्त्रक्रिया. मग अन्न व औषध प्रशासन म्हणणार, शस्त्रक्रिया वैद्यक परिषदेकडे. परिषद म्हणणार, तक्रार आल्याशिवाय आम्ही काय करणार. नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडे, पण तिथे पाहतात ते खाटा, जिना आणि आगीची सोय. केंद्राने २०१०मध्ये केलेला क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९चा नर्सिंग होम कायदा आणि त्याखाली २०२१मध्ये सुधारलेले नियम चालतात. एवढी दारं असताना तक्रारदाराने नेमकं कुठलं ठोठावायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि तक्रार करायला उरतो कोण? फसवणूक झाली हे मान्य करणं म्हणजे आशा सोडली हे मान्य करणं.

८. घाईचं दार उघडलं की बंद करायला वर्षं लागतात.

‘जपानसारखी झटपट मंजुरी आपणही द्यावी’ असा एक सूर असतो. जपानचं दुसरं उदाहरणही त्यासाठी पाहायला हवं. डिसेंबर २०१८मध्ये तिथे मज्जारज्जूच्या दुखापतीवरच्या ‘स्टेमिरॅक’ या उपचाराला सात वर्षांची सशर्त मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून द्यायच्या. आधार होता अवघ्या १३ रुग्णांचा, तुलनेचा गट नसलेला अभ्यास. किंमत ठरली सुमारे दीड कोटी येन, आणि ती सार्वजनिक विम्यात बसवली. ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने तेव्हाच टीका केली, की पुरावा पुरेसा नसताना रुग्ण आणि विमा यांनी पैसे मोजायचे हे बरोबर नव्हे.

त्याच वाटेने २०१५मध्ये हृदयरोगासाठी ‘हार्टशीट’ नावाचा पेशींचा पापुद्रा बाजारात आला होता. तो गुणकारी असल्याचं सिद्ध होत नाही, असा तज्ज्ञ समितीचा निर्णय यायला २०२४ उजाडलं. जपानसारख्या शिस्तीच्या, नोंदी ठेवणाऱ्या देशाला नऊ वर्षं लागली. आपल्याकडे एकदा आत आलेला उपचार बाहेर काढायला किती लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

९. पण नुसत्या बंदीने भागणार नाही. संशोधनाला सार्वजनिक पैसा हवा.

ऑक्टोबर २०१०मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या शेफर्ड सेंटरमध्ये एका रुग्णाला मानवी भ्रूण-मूळपेशींपासून घडवलेल्या पेशी मज्जारज्जूत दिल्या गेल्या. अशा पेशी माणसाला देण्याची ही पहिली मंजूर ट्रायल. जेरॉन नावाची कंपनी ती चालवत होती. नोव्हेंबर २०११मध्ये कंपनीने ट्रायल थांबवली. कुणाला अपाय झाला म्हणून नव्हे, पैशाचं गणित बसेना म्हणून. पाच रुग्णांना पेशी दिलेल्या होत्या. पुढे त्यांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. गंभीर धोका आढळला नाही, मोठी सुधारणाही दिसली नाही. स्टेमसेल्स इन्कॉर्पोरेटेड या दुसऱ्या कंपनीने २०१६मध्ये मधला निकाल समाधानकारक नाही म्हणून आपली ट्रायल सोडली.

जेरॉनचं काम पुढे अस्टेरियस कंपनीने हाती घेतलं आणि त्याला कॅलिफोर्नियाच्या जनतेच्या पैशाचा आधार मिळाला. तिथल्या मतदारांनी २००४मध्ये मूळपेशी संशोधनासाठी तीन अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले होते. २०२०मध्ये त्यांनी आणखी साडेपाच अब्ज मंजूर केले. म्हणजे ‘या प्रयोगाचा खर्च आम्ही सगळे मिळून उचलू’ असं लोकांनी मतपेटीतून सांगितलं.

आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, बंगळुरूला इनस्टेम ही संशोधन संस्था आहे, वेल्लोरला सीएमसीच्या आवारात मूळपेशी संशोधन केंद्र आहे. माणसं आहेत. सार्वजनिक रुग्णालयांत रुग्ण आहेत. या दोहोंना जोडणारी, मज्जारज्जूच्या दुखापतीची नीट नोंदवही असलेली, सरकारी पैशाने चालणारी ट्रायलची यंत्रणा उभी करावी. ती नसेल तर ‘थांबा, संशोधन चालू आहे’ हे रुग्णाला सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही.

१०. पेशी उद्या आल्या तरी आपल्या माणसापर्यंत पोचतील का?

केयोची मुदत होती १४ ते २८ दिवस. आता रत्नागिरीत आंबे काढताना झाडावरून पडलेला गडी डोळ्यांसमोर आणा. दोघं-तिघं त्याला खांद्याला आणि पायाला धरून उचलतात, रिक्षात कोंबतात. मान आणि पाठ सरळ धरून, फळीवर बांधून न्यायचं असतं हे कुणी शिकवलेलंच नाही. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून कोल्हापूरला किंवा मुंबईला. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, घरी सोडतात. पंधरा दिवसांत कमरेवर बेडसोअर. महिन्याभरात लघवीत जंतुसंसर्ग आणि ताप. असा रुग्ण जगातल्या कुठल्याच ट्रायलमध्ये घेतला जाणार नाही.

पुनर्वसन ही पेशी येईपर्यंत वेळ काढण्याची सोय नव्हे. पेशींचा उपयोग व्हायचा तर कातडी, मूत्राशय, सांधे आणि स्नायू तोवर शाबूत असायला हवेत. शिवाय पुनर्वसनाचा गुण सिद्ध व्हायचा बाकी नाही. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूची दुखापत म्हणजे बहुतेकांना मृत्यूच होता, बेडसोअरने किंवा मूत्रसंसर्गाने. १९४४मध्ये लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला खास विभाग काढला. ठरावीक वेळाने रुग्णाला कूस बदलून देणं, मूत्राशयाची निगा आणि खेळ यांच्या जोरावर त्यांनी माणसं जगवली आणि कामाला लावली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथलं.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचारांत पोहणं आलं, आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्या जिद्दीची गोष्ट सगळे सांगतात. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या लष्करी पुनर्वसन व्यवस्थेची कुणी सांगत नाही. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आजही जवानांसाठी ते काम करतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण गडचिरोलीच्या शेतमजुराने, परांचीवरून पडलेल्या ठाण्याच्या रंगाऱ्याने, दहीहंडीच्या वरच्या थरावरून कोसळलेल्या पोराने तीन महिने राहून शिकावं अशी जागा प्रत्येक महसूल विभागात तरी आहे का? गोविंदांचा विमा दरवर्षी जाहीर होतो. पडलेल्या गोविंदाला कॅथेटर घालायला शिकवणारी परिचारिका कुठे मिळेल, ते कुणी जाहीर करत नाही.

११. ‘आमचा माणूस, आमचा पैसा. तुम्ही कोण अडवणारे?’

आक्षेप रास्त आहे, टाळून चालणार नाही. माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल धोका पत्करण्याचा हक्क आहे, मलाही तो मान्य आहे. ट्रायलमध्ये जाणारा रुग्ण तोच धोका पत्करत असतो. पण धोका पत्करण्याचा हक्क रुग्णाचा. खोटं सांगून विकण्याचा हक्क कुणाचाच नाही. ‘हा प्रयोग आहे, गुण येईलच असं नाही, गाठ होऊ शकते, आणि आम्ही तुमच्याकडून दमडी घेणार नाही’ एवढं सांगून कोणी प्रयोग करत असेल, नीतिसमितीची परवानगी असेल, तर त्याच्या वाटेत मी येणार नाही. यातलं चौथं वाक्य ज्याला जड जातं, तो पहिली तीनही खरी बोलत नसतो.

‘पैसेवाले परदेशात जातीलच’ असंही म्हणतात. जातील. पण आपल्या गावातली जमीन विकून होणारी फसवणूक त्यामुळे क्षम्य ठरत नाही.

१२. तर मागणं काय?

सरकारकडे:
- मूळपेशींच्या नावाने रुग्णाकडून पैसे घेणाऱ्या प्रत्येक केंद्राची अन्न व औषध प्रशासन, वैद्यक परिषद आणि स्थानिक संस्था यांनी मिळून तपासणी करावी आणि अहवाल जाहीर करावा. तक्रारीसाठी एकच खिडकी ठेवावी.
- १९५४च्या कायद्याखाली समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींवर स्वतःहून गुन्हे नोंदवावेत, तक्रारीची वाट पाहू नये.
- मंजूर ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घ्यायला नियमातच बंदी घालावी. मार्गदर्शक तत्त्वावर सोडू नये.
- महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मज्जारज्जूच्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतरचं पुनर्वसन, कॅथेटर आणि योग्य व्हीलचेअर हक्काने मिळावी. प्रत्येक महसूल विभागात निदान एक पुनर्वसन केंद्र असावं.
- मान-पाठ न हलवता जखमीला उचलण्याचं प्रशिक्षण पोलीस, एसटीचे चालक-वाहक, गोविंदा पथकं आणि ग्रामपंचायतींना द्यावं.

डॉक्टरांकडे: सहकाऱ्याच्या क्लिनिकमध्ये काय चालतं ते माहीत असूनही गप्प बसणं सोडावं. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं म्हणजे त्या फसवणुकीत भागीदारी.

घरच्यांसाठी पाच प्रश्न, पैसे भरण्याआधी क्लिनिकला विचारायचे: ही ट्रायल आहे का? भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला तिचा क्रमांक काय? परवानगी देणारी नीतिसमिती कुठली? तुम्ही कुठल्या पेशी, कुठून काढून, कशात घालणार? अपाय झाला तर खर्च कुणाचा? ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. आणि उत्तरं काहीही येवोत, सहावा प्रश्न विचाराच: मग पैसे कशाचे?

विधिमंडळाचं पुढचं अधिवेशन येईल तेव्हा आपल्या आमदारांना दोनच गोष्टी विचारायला लावू. राज्यात अशी किती केंद्रं तपासली आणि किती बंद केली? आणि आमच्या जिल्ह्यात पाठीचा कणा मोडलेल्या माणसाने शस्त्रक्रियेनंतर जायचं कुठे? दोन्हीची उत्तरं लेखी, आकड्यांत आणि जिल्हानिहाय मागायची.